डिस्नीत झोपायचंच तर नीट झोपा: हळू राइड्स आणि एसी शोजमधल्या डुलकीचं सविस्तर गाईड

आई-अण्णांना मे महिन्यात ऑरलँडोला नेलं होतं. दुसऱ्याच दिवशी दुपारी अण्णा डिस्नीच्या मॅजिक किंगडम पार्कातल्या कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस नावाच्या शोमध्ये असे घोरायला लागले की पुढच्या रांगेतलं एक पोर वळून वळून बघायला लागलं. बाहेर आल्यावर मलाच म्हणतात, "माणशी दहा हजाराचं तिकीट काढून आम्हाला झोपायला आणलं होय गं?" पण गंमत बघा, त्या वीस मिनिटांनंतर हाच माणूस रात्रीच्या फटाक्यांपर्यंत टुणटुणीत उभा, आणि आम्ही दोघं नवराबायको जे पैसे वसूल करायला भर दुपारी उन्हात पळत होतो ते सहा वाजता एका बाकावर चक्क आडवे, मुलगी रडतेय, मी नवऱ्यावर चिडतेय, तो फोनवर चिडतोय.

त्यानंतर सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो, मग बहिणीच्या कुटुंबाला, आणि प्रत्येक वेळी प्लॅनमध्ये मी आधी झोपेची जागा ठरवते आणि मग राइड्स. लोक हसतात. हसू दे. खाली जे लिहितेय ते सगळं फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डचं आहे कारण तेच मला पाठ झालंय.

आधी झोप का येते ते बघा

भारतातून नुकतं कोणी आलं असेल तर घड्याळाचा हिशेब करा. उन्हाळ्यात ऑरलँडो आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे उन्हाळ्यात तिथे दुपारचा दीड वाजतो तेव्हा फलटणला रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि अण्णांच्या शरीराने कधीच अंथरूण घातलेलं असतं. त्यात वरून ऊन, सकाळपासून सात-आठ किलोमीटर चाल, पोटात जेवण. अशा माणसाला "अहो जरा उत्साह दाखवा" म्हणण्यात काही अर्थ नाही. अमेरिकेतच राहणाऱ्यांनाही दुपारी एक ते तीनच्या मधे सुस्ती येतेच, ती फक्त जेवणाने येत नाही, शरीराचं घड्याळच त्या वेळेला थोडं खाली जातं.

दुसरी गोष्ट, डुलकी दहा ते वीस मिनिटांची असेल तर उठल्यावर फ्रेश वाटतं. अर्ध्या तासाच्या पुढे गेली की माणूस गाढ झोपेत शिरतो आणि तिथून उठवलं की तासभर डोकं जड आणि तोंड वाकडं. आता या पार्कातल्या हळू राइड्स आणि शोज किती मिनिटांचे असतात ते बघा: दहा, चौदा, सोळा, एकवीस. कोणीतरी मुद्दाम मापून शिवल्यासारखं आहे.

स्टेप १: जागा निवडा (हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग)

चांगल्या जागेला चार गोष्टी लागतात: बसायला पाठ असलेली सीट, अंधार, एसी, आणि अंगावर काही उडत नाही याची गॅरंटी. पाचवी म्हणजे लाइन छोटी, कारण चाळीस मिनिटं उभं राहून दहा मिनिटं झोपायचं हा तोट्याचा धंदा आहे.

माझी एक नंबरची जागा तीच, कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस. हा शो मुळात १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवला होता, मग कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये गेला आणि १९७५ पासून इथे आहे. यात स्टेज जागेवर असतं आणि आपण बसलेला आख्खा हॉल त्याच्याभोवती हळूहळू फिरतो, एका अमेरिकन कुटुंबाच्या घरात वीज, मग फ्रीज, मग अजून काय काय कसं येत गेलं ते बोलणारे पुतळे सांगतात. साधारण २१ मिनिटं. हॉल मोठा, लाइन बहुतेक वेळा नसतेच. एकच अडचण, प्रत्येक सीन संपला की हॉल फिरतो आणि तेव्हा गाणं मोठ्याने लागतं, त्यामुळे झोप चार तुकड्यांत मिळते. सवयीने त्या गाण्यातही झोपता येतं, अण्णांना तर पहिल्या दिवशीच आलं.

त्याच्या शेजारीच पीपलमूव्हर. हेही १९७५ चं. पार्कातल्या टुमारोलँड या भागात उंचावरून फिरणारी छोटी गाडी, दहा मिनिटं, रुळांमधल्या चुंबकांवर चालते त्यामुळे इंजिनाची घरघर नाही, वारा लागतो, मधे स्पेस माउंटन या रोलरकोस्टरच्या बिल्डिंगमध्ये शिरली की मिट्ट काळोख. लहान बाळांना झोपवायला याच्याइतकं भारी काही नाही, उंचीची अट नाही, बाळ मांडीवर घेऊन बसा. पण मोठ्यांनी इथे नीट झोपू नका, याचं कारण पुढे सुरक्षेच्या भागात सांगते. आणि दुपारी इथे लाइन लागते, तेव्हा वीस मिनिटांच्या वर दाखवत असेल तर सरळ कॅरोसेलमध्ये जा.

हॉल ऑफ प्रेसिडेंट्स हा तिसरा. मोठं थिएटर, मऊ सीट, वीस-पंचवीस मिनिटं, आधी फिल्म आणि मग पडदा वर जाऊन अमेरिकेच्या सगळ्या राष्ट्राध्यक्षांचे हलते पुतळे एकत्र उभे-बसलेले, एकेकाचं नाव घेतात आणि तो मान हलवतो. झोपेसाठी उत्तम, फक्त लोक इथे शांतपणे ऐकत असतात त्यामुळे घोरणं आख्ख्या हॉलला ऐकू जातं. आमच्यासारखं घोरणारं पात्र असेल तर इथे नको.

आता एपकॉट, डिस्ने वर्ल्डचं दुसरं पार्क, जिथे एका तलावाभोवती वेगवेगळ्या देशांची दालनं म्हणजे पॅव्हिलियन्स आहेत. इथला राजा म्हणजे अमेरिकन अ‍ॅडव्हेंचर. जवळजवळ अर्ध्या तासाचा शो, बेंजामिन फ्रँकलिन आणि मार्क ट्वेन यांचे पुतळे देशाचा इतिहास सांगतात, थिएटर प्रचंड, एसी असा की दात वाजतात. शेवटी आवाज चांगलाच मोठा होतो, म्हणजे अलार्मही फुकट. पण हे पॅव्हिलियन तलावाच्या बरोब्बर पलीकडच्या टोकाला आहे, तलावाभोवतीचा पूर्ण फेरा जवळजवळ दोन किलोमीटरचा, तेव्हा दमल्यावर तिकडे निघू नका, आधी तिकडे पोचून मग दमा. शोच्या वेळा ठरलेल्या असतात, डिस्नीच्या अ‍ॅपमध्ये बघून निघा, नाहीतर पंचवीस मिनिटं बाहेर ताटकळाल.

स्पेसशिप अर्थ, म्हणजे तो एपकॉटचा मोठा चेंडू, १८० फूट उंच. आत गाडी हळूहळू वर चढत जाते, गुहेतल्या माणसापासून कॉम्प्युटरपर्यंतचा प्रवास, साधारण पंधरा-सोळा मिनिटं. वरच्या टोकाला तारे दिसतात आणि मग गाडी उलटी फिरून पाठमोरी खाली येते, पाय वर, पाठ खाली, अगदी आरामखुर्ची. आई इथे चढतानाच झोपली. पण मधे एके ठिकाणी जुनी लायब्ररी जळाल्याचा सीन आहे आणि तिथे खरोखरचा जळका वास सोडतात, तर आई खाडकन उठून अंधारात मला म्हणते, "काहीतरी करपलं बघ, गॅस बंद केलास का?" मी म्हटलं आई, आपण डिस्नीत आहोत. ती म्हणाली बरं बरं, आणि परत झोपली.

लिव्हिंग विथ द लँड ही बोटीची राइड, चौदा मिनिटांच्या आसपास. सुरुवातीचा भाग अंधारा आणि नंतर काचेची ग्रीनहाऊसेस येतात तिथे लख्ख उजेड, त्यामुळे गॉगल हवा. इथे मी अण्णांना झोपवायचा प्लॅन केला होता आणि तो पूर्ण फसला, कारण मुळं हवेत लोंबकळत ठेवून त्यांच्यावर नुसतं पाणी आणि खत फवारून वाढवलेली झाडं बघितल्यावर ज्याने जन्मभर ऊस आणि डाळिंब केलं तो माणूस कसला झोपतोय. बोट थांबल्यावर म्हणाले परत एकदा बसू. तेव्हा घरात शेतकरी असेल तर ही राइड झोपेच्या यादीतून काढा.

फ्रान्सच्या पॅव्हिलियनमधली इंप्रेशन्स द फ्रान्स ही १८ मिनिटांची फिल्म, खुर्च्या आहेत, संगीत मंद, एकदम झकास. पण त्याच हॉलमध्ये दिवसाच्या काही वेळात लहान मुलांचा गाण्याचा शो असतो, दारावरची पाटी नीट वाचून आत शिरा. चीन आणि कॅनडाच्या फिल्म्सना फसू नका, त्या चारही बाजूंच्या पडद्यांवर असतात आणि तिथे उभं राहून बघायचं असतं. मी चीनमध्ये कठड्याला रेलून डुलकी काढायचा प्रयत्न केला, गुडघा वाकला आणि सगळ्यांनी बघितलं.

जुने लोक अजून एपकॉटच्या एनर्जीवाल्या राइडची आठवण काढतात, तब्बल ४५ मिनिटं, आख्खं थिएटर डायनोसॉरांमधून सरकत जायचं. २०१७ मध्ये ती बंद झाली. तशी झोप आता तिथे कुठेच मिळत नाही. मॅजिक किंगडममधली नदीतली मोठी बोटही २०२५ मध्ये बंद झाली. त्यामुळे जुन्या याद्यांवर विसंबू नका, निघायच्या आदल्या रात्री अ‍ॅपमध्ये काय चालू आहे ते तपासा.

कुठे अजिबात डोळे मिटू नका

मिकीज फिलहारमॅजिक एसीत आहे, बारा मिनिटांचं आहे, थ्रीडी चष्मा लावून डोळेही दिसत नाहीत, सगळं बरोबर वाटतं आणि मग तोंडावर पाणी उडतं. इंडियाना जोन्सच्या स्टंट शोमध्ये खरे स्फोट आहेत. पायरेट्समध्ये तोफा आणि मधे बोट एकदम खाली जाते. फ्रोझनची बोट उलटी जाते. अ‍ॅनिमल किंगडमची सफारी वीसेक मिनिटांची आहे खरी पण तो ट्रक म्हणजे पावसाळ्यातला आपला गावाकडचा रस्ता. इट्स अ स्मॉल वर्ल्ड संथ आहे, दहा-अकरा मिनिटं आहे, पण तेच एक गाणं अखंड चालू असतं आणि स्वप्नातसुद्धा तेच येतं, ज्याचं त्याने ठरवावं.

ऑरलँडोतल्याच युनिव्हर्सलच्या पार्कांमध्ये बहुतेक सगळं किंचाळायचं काम आहे. तिथली ती दोन पार्कांमधली ट्रेन चारेक मिनिटांत पोचते, तेवढ्यात जांभईसुद्धा पूर्ण होत नाही. आणि आपल्या खोपोलीच्या इमॅजिकामध्ये आय फॉर इंडिया या राइडला एसी आणि खुर्ची बघून कोणी झोपेचा विचार करत असेल तर ती खुर्ची थोड्या वेळाने हवेत लटकते हे लक्षात घ्या.

स्टेप २: वेळ

सकाळी गेट उघडायच्या आधी हजर राहा आणि साडेबारापर्यंत मोठ्या लाइनवाल्या राइड्स उरका. साडेबाराला जेवा, हलकं जेवा. घरचं खाणं आत नेता येतं, फक्त काचेची भांडी आणि दारू चालत नाही, त्यामुळे आम्ही दशम्या, कोरडी चटणी आणि दाण्याचे लाडू नेतो. सव्वाच्या सुमाराला पहिली डुलकी. दुसरी लागलीच तर तीन-साडेतीनला. चारनंतर भारतातून आलेल्यांना झोपू देऊ नका, नाहीतर रात्री दोन वाजता हॉटेलच्या खोलीत अख्खं कुटुंब जागं असतं आणि कोणीतरी चहा मागतं.

कॉफी पिणाऱ्यांसाठी एक ट्रिक, आत शिरायच्या आधी लाइनमध्ये पटकन कॉफी प्या. कॅफिनचा असर व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढ्यात डुलकी होते आणि उठताना कॉफी चढते. माझ्या नवऱ्यावर हे चालतं. आईवर नाही, ती चहा पिऊनही लगेच झोपते.

जून ते सप्टेंबरमध्ये फ्लोरिडात दुपारी हमखास गडगडाट होऊन पाऊस येतो. वीज चमकायला लागली की बाहेरच्या राइड्स बंद होतात आणि सगळी जनता एसी हॉलमध्ये घुसते. आभाळ काळं दिसायला लागलं की थेंब पडायची वाट न बघता आत जाऊन बसा.

स्टेप ३: बॅगेत काय

शाल. फ्लोरिडात चौतीस डिग्रीमध्ये आईने बॅगेत शाल कोंबली तेव्हा मी पंधरा मिनिटं तिची चेष्टा केली, आणि मग अमेरिकन अ‍ॅडव्हेंचरमध्ये घामाने भिजलेल्या टीशर्टवर तो एसी आला आणि शाल कोणी पांघरली होती ते सांगायला नको. ओढणी, पातळ जॅकेट काहीही चालेल. तेच गुंडाळून मानेखाली घ्या, ती यू आकाराची विमानातली उशी दिवसभर गळ्यात घालून फिरू नका. टोपी डोळ्यांवर ओढायला, कापसाचे बोळे किंवा इअरप्लग कानाला, पाण्याची बाटली. बस्स.

स्टेप ४: आत गेल्यावर

या मोठ्या थिएटरांमध्ये स्टाफ सांगतो की रांगेत पार टोकापर्यंत सरकत जा. कडेची सीट हवी असेल तर दारात दोन पावलं मागे थांबा, दहा-बारा लोकांना पुढे जाऊ द्या आणि मग शिरा. कडेला बसलं की उठताना कोणाच्या पायावर पाय पडत नाही, आणि घोरलंच तर एकाच बाजूच्या शेजाऱ्याची माफी मागावी लागते.

फोन, चष्मा, कवळी (हो, सासऱ्यांची) चेन असलेल्या खिशात किंवा बॅगेत. एका बोटीच्या राइडमध्ये, कुठल्या ते जाऊ दे, मी फोन हातात धरून पेंगले आणि तो सरळ पाण्यात. चूक शंभर टक्के माझी. फोनवर व्हायब्रेशनचा अलार्म लावून तो खिशात ठेवा. टेका, हात छातीशी घ्या, मान एका बाजूला. झोप नाहीच लागली तरी डोळे मिटून पंधरा मिनिटं गप्प बसणंसुद्धा कामाला येतं, लहान मुलांना तर नक्कीच.

बूट काढू नका, समोरच्या सीटवर पाय ठेवू नका, दोन सीट अडवून आडवे होऊ नका. आणि प्रत्येक घोरणाऱ्यामागे एक जागा माणूस ठेवा ज्याच्याकडे कोपराने ढोसायची ड्युटी असेल. आमच्याकडे ही ड्युटी आईकडे आहे, बेचाळीस वर्षांचा अनुभव.

स्टेप ५: सुरक्षा, इथे मजा नाही

पीपलमूव्हर आणि स्पेसशिप अर्थमध्ये उतरताना जमीन सरकत असते, म्हणजे एअरपोर्टवर असतो तसा चालता पट्टा. अर्धवट झोपेत त्यावर पाय ठेवला तर तोल जातो, आणि साठीच्या पुढच्या माणसाचं पडणं म्हणजे सगळ्या ट्रिपचा विषय संपला. म्हणून संपायच्या दोन मिनिटं आधी उठवा, पाणी प्यायला द्या, मग उतरा. ज्येष्ठांना गाढ झोपू द्यायचं ते फक्त थिएटरमध्ये.

लहान मूल बरोबर असेल आणि तुम्ही एकटेच मोठे असाल तर तुम्ही झोपायचं नाही. सात वर्षांखालच्या मुलासोबत राइडमध्ये चौदा किंवा जास्त वयाचं कोणीतरी लागतं हा तिथला नियमच आहे, पण सोबत असणं म्हणजे जागं असणं. दोघं असाल तर आळीपाळीने. स्ट्रॉलर आत नेता येत नाही, बाहेर लावावा लागतो, त्यामुळे स्ट्रॉलरमध्ये नुकतंच झोपलेलं पोर राइडसाठी उचलायचा वेडेपणा करू नका, एकजण सावलीत त्याच्याजवळ बसा आणि दुसऱ्याने आत जा.

आणि प्रत्येक सुस्ती ही झोप नसते. उन्हात फिरून कोणाला गरगरतंय, मळमळतंय, बोलणं अडखळतंय तर एसी हॉलमध्ये नेऊन झोपवू नका, फर्स्ट एड सेंटर गाठा. चारही पार्कांत आहे, नर्स असतात, पडायला खाट मिळते. डायबेटिस असलेल्यांचं तर आधी शुगर बघा, वेळा बदलल्यामुळे गोळी झालेली असते आणि जेवण नाही, आणि शुगर उतरलेला माणूस अगदी पेंगल्यासारखाच दिसतो. छोट्या बाळांसाठी बेबी केअर सेंटरही प्रत्येक पार्कात आहे, शांत, दूध पाजायला खोली, बाळ तिथे मस्त झोपतं.

हॉटेलवर जाऊन झोपावं का?

तीन वर्षांखालचं मूल असेल तर हो, त्याला दोन तास लागतात, वीस मिनिटांच्या डुलकीने ते फक्त अजून चिडतं. त्याच दिवशी परत आत सोडतात, वेगळे पैसे नाहीत. पण मॅजिक किंगडमचं पार्किंग तलावापलीकडे आहे, मोनोरेल नाहीतर फेरी, मग ट्राम, मग गाडी, जाऊन येऊन दीड तास कुठे गेला कळत नाही. बाकी सगळ्यांना पार्कातली झोपच परवडते. फेरीने गेलात तर वरच्या डेकवर वारा चांगला असतो, तिथेही डोळा लागतो.

शेवटचं, डुलकीचा पहिला नंबर कोणाचा यावरून आमच्याकडे वाद होतात. आई म्हणते म्हातारी माणसं आधी, मुलीला वाटतं कोणीच झोपू नये. मी सांगते, रात्री फटाके संपल्यावर साडेदहा-अकराला जो गाडी चालवणार आहे तो आधी. बाकीचे सगळे मागच्या सीटवर झोपणारच आहेत.